पुण्यात पुराची तयारी करताना या चुका टाळा

"पाऊस तर थांबलाय, आता कुठला पूर?" जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि पहिली चूक इथेच होते. मुठा नदीचं पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसापेक्षा पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या पाणलोटातल्या पावसाने चढतं. ते सगळं खडकवासल्यात उतरतं. चारही धरणांत मिळून २९ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं, त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. ते भरलं की वरून आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ ला हा विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीच्या इमारतींत पाणी शिरलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हिशेब केला तर दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर.

म्हणून आकाशाकडे नव्हे, विसर्गाच्या आकड्याकडे लक्ष ठेवा. आपल्या फाटकाशी पाणी किती क्युसेकला येतं, हे सोसायटीच्या वहीत लिहिलेलं असायला हवं. आमच्याकडे ते जुन्या रहिवाशांच्या फक्त आठवणीत होतं. ते घर बदलून गेले आणि आकडाही त्यांच्यासोबत गेला.

"गणपती गेले, पावसाळा संपला" ही दुसरी समजूत. २०१९ मध्ये विसर्जन १२ सप्टेंबरला झालं आणि २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजकडून वाहत येणाऱ्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं नेली. ओढ्याच्या पाण्याचा आकडा आधी कुणी जाहीर करत नाही. कात्रजकडे जोराचा पाऊस कोसळू लागला की खाली फार वेळ मिळत नाही. ओढ्याकाठी राहणाऱ्या घरांत अशा रात्री एकाने जागं राहायलाच हवं. ओढ्यालगतच्या सीमाभिंतीला टेकून गाडी लावू नका, तिच्या आडोशाला कुणाला झोपू देऊ नका. पाण्याच्या दाबाने आधी ती भिंत जाते.

आता विजेबद्दल. इथे जरा थांबून वाचा, कारण घरात शिरलेल्या पाण्यापेक्षा त्यात उतरलेला करंट जास्त घातक असतो. २०२४ च्या त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघे जण हातगाडीचं सामान हलवताना शॉक लागून गेले. पाणी दारात आल्यावर मेन स्विच शोधत बसणं ही चूक. तो आधीच, कोरड्या पायांनी, कोरड्या जागी उभं राहून बंद करायचा. आणि मेन बंद केला म्हणजे घर निर्धोक झालं असं मुळीच नाही. इन्व्हर्टर चालूच असतो, कपाटाखालचा बोर्ड त्यावर असेल तर तो जिवंतच असतो. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग बॅटरी उंचावर हलवा. मीटर बॉक्स पार्किंगमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल तर तो वर घेण्यासाठी उन्हाळ्यातच महावितरणकडे अर्ज करा. पाणी मीटरपर्यंत आलं असेल तर स्वतः हात लावू नका, १९१२ ला फोन करून पुरवठा तोडायला सांगा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. गॅसचा रेग्युलेटर काढायचा आणि सिलिंडर बांधून ठेवायचा, नाहीतर तो तरंगत सुटतो.

दारात वाळूची पोती लावली की झालं, असंही अनेकांना वाटतं. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी पोती अगदी नीट रचली होती. पाणी आलं ते न्हाणीघराच्या जाळीतून आणि टॉयलेटच्या भांड्यातून, तेही ड्रेनेजचं. नदी चढली की चेंबर उलटे वाहू लागतात. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू अर्धी भरून, तोंड घट्ट बांधून ती भांड्यात आणि जाळीवर दाबून बसवा, वर वजन ठेवा. कायमचा उपाय हवा तर प्लंबरकडून बाहेर जाणाऱ्या पाइपवर एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह मे महिन्यातच बसवून घ्या.

वादळाचा फेरा पुण्याला क्वचित लागतो, पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा इथेही झाडं पडली. धोकादायक फांद्या महापालिकेच्या परवानगीने आधीच छाटून घ्या. कागदपत्रं आणि महिन्याची औषधं एका बंद पिशवीत, माळ्यावर.

गाडी काढायला पाण्यात उतरू नका. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की माणसाचा तोल जातो. बुडून निघालेली गाडी तर चालू करून पाहूच नका. इंजिनात पाणी असेल तर त्या एका स्टार्टरने ते कायमचं जातं. ती टो करूनच न्या.

पाणी ओसरल्यावर लगेच खराटा हातात घेतात, तेही घाईचं. आधी भिंतीवरची पाण्याची खूण, फर्निचर, फ्रिज, सगळ्याचे फोटो काढा. पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. मग गाळ, तोही गमबूट घालूनच. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर पंप लावून ते वर चढवू नका, नाहीतर गच्चीवरची टाकीही नासते. खालची पूर्ण उपसा, घासा, क्लोरिन टाकून धुवा, आणि तोवर टँकर आला तरी त्याचं पाणी त्या टाकीत ओतू देऊ नका, पिंपांत भरून घ्या.