थकलेल्या बिलांतून नव्या यंत्राचे भांडवल कसे सोडवावे

लहान कारखानदाराला सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) यंत्र हवे असते, पण त्याचा पैसा मोठ्या कंपन्यांकडील बिलांत अडकलेला असतो; तो सोडवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील ‘ट्रेड्स’ ही थकलेल्या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था वापरावी. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करावी. ती मोफत आहे, म्हणून दलालाला एक पैसाही देऊ नये.

मग बिल ट्रेड्सवर चढवावे. खरेदीदाराने ते मान्य केले, की बँका त्यावर आगाऊ पैसे देण्यासाठी व्याजदराची बोली लावतात. सर्वांत कमी दराची बोली स्वीकारल्यावर रक्कम साधारणतः पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येते आणि खरेदीदाराने पुढे पैसे थकवले, तरी बँक वसुलीसाठी आपल्याकडे येत नाही. खरी मेख मान्यतेत आहे. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणीची सक्ती झाली हे स्वागतार्हच, पण मान्यता रेंगाळू नये म्हणून तिची मुदत ऑर्डर घेतानाच लेखी ठरवून घ्यावी.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे. लेखी करार नसेल, तर ही मुदत 15 दिवसांचीच असते. प्रत्येक बिलाला ट्रेड्सचा दर कॅश क्रेडिटच्या (खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाच्या) व्याजाशी ताडून पाहावा.