मुंबई ते न्यूयॉर्क: घड्याळ, तारीख आणि मधला थांबा

न्यूयॉर्कला नव्याने आलेल्यांचं पहिलं तिकीट बहुधा दुसऱ्याच कुणीतरी काढून दिलेलं असतं. हिशेब चुकतो तो पुढच्या खेपेला, म्हणजे स्वतः घरी जाताना किंवा आई-बाबांना बोलावताना.

मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने भागलं तर १४ तासांच्या आत उत्तर येतं, पण तिकिटावर त्याहून जास्त वेळ दिसतो. तो वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा असतो, शिवाय मार्गही नकाशावरच्या रेषेसारखा नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे न्यूयॉर्कला येताना साधारण १६ तास धरा, मुंबईला जाताना बहुधा तासभर तरी कमी.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क मुंबईच्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ ला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचलात. साडेपाच अधिक साडेदहा, म्हणजे १६ तास. परतीला हाच फरक वजा करायचा, आणि तारीख पुढे गेलेली असते हे विसरायचं नाही. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात, युरोपची मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत युरोपमार्गे जाणार असाल तर वेळा पाठ आहेत असं समजू नका.

सगळ्यात महागडी चूक मध्यरात्रीची. १५ तारखेचं रात्री १२:४० चं विमान म्हणजे १४ तारखेच्या संध्याकाळीच घर सोडायचं. घरच्यांना कळवताना वार आणि "घरातून निघायची" तारीख लिहा, नुसती उड्डाणाची नको.

मधे थांबा असेल तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर चुकलेलं विमान तुमच्या खिशातून जातं, वर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. चार-पाच हजार रुपये वाचवायला हा धोका घेऊ नये.

न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या अमेरिकन शहरात जायचं असेल तर इमिग्रेशन सहसा अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर होतं. सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि परत जमा करायचं. मग सुरक्षा तपासणीची रांग पुन्हा. दीड तासाचं कनेक्शन कागदावर दिसलं तरी घेऊ नका, किमान तीन तास ठेवा. वयस्कर माणसं असतील तर आणखी जास्त, आणि व्हीलचेअर आधीच, तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा.

रोजची औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या वेळांचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, विमानात बसून गणित करायला जाऊ नये.

शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या हिशेबाने जुळतं. पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत ड्रायव्हिंग टेस्ट किंवा घराच्या करारावर सही ठेवू नका.