युरोपात स्वस्तात राहायचंय? आधी हा हिशोब मांडा

"पोर्तुगालमध्ये म्हणे लाखभरात मस्त राहता येतं, जाऊ का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, पैसे कुठून येणार आहेत? कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. युरोपातलं एखादं गाव स्वस्त का असतं, तर तिथे नोकऱ्या नाहीत आणि तरुण पोरं कधीच शहराकडे किंवा दुसऱ्या देशात निघून गेलीत म्हणून. मग "तिथे जाऊन बघू काहीतरी काम" असा प्लॅन असेल तर ते गाव तुमच्या उपयोगाचं नाही, आणि जिथे काम आहे तिथे, म्हणजे लिस्बन, म्युनिक, ॲम्सटरडॅम, डब्लिन, तिथलं भाडं ऐकलं की अंधेरी परवडली असं वाटतं. थोडक्यात स्वस्त युरोप हा बाहेरून पैसा घेऊन येणाऱ्याला स्वस्त आहे. पेन्शन, फ्लॅटचं भाडं, डिव्हिडंड, रिमोट नोकरी. स्टुडंट लोकांचं गणित वेगळं, त्याबद्दल खाली.

तर पहिलं काम, कुठल्या व्हिसावर राहणार ते ठरवा, शहर नंतर. टुरिस्ट व्हिसावर "राहणं" होत नाही. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, त्याचा नियम म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि ते २९ देश मिळून ९०, प्रत्येक देशाचे वेगळे ९० नाहीत. लोक छातीठोकपणे सांगतात की ३ महिने झाले की बाहेर चक्कर मारून या, मीटर शून्य होतो. नाही होत. ज्या दिवशी आत असाल त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून बॉर्डरवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन एंट्री-एक्झिट कॉम्प्युटरवर चढवायला सुरुवात झालीय, त्यामुळे शिक्का पुसट आला होता वगैरे बहाणे आता विसरा. आणि मधल्या काळात सर्बियात जाऊन बसू म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की आपल्याला तिथे व्हिसाशिवाय मिळणारी एंट्री १ जानेवारी २०२३ पासून बंद झालीय.

मग लाँग-स्टे व्हिसा. आपल्या लोकांत जास्त चर्चा पोर्तुगालच्या डी७ ची असते कारण त्याची अट सगळ्यात कमी वाटते, तिथला किमान पगार जेवढा तेवढं महिन्याचं उत्पन्न दाखवा, २०२५ मध्ये ८७० युरो, २०२६ पासून ९२०. पण हे उत्पन्न पॅसिव्ह लागतं, म्हणजे पेन्शन, भाडं, डिव्हिडंड असं, पगार चालत नाही. पगारवाल्या रिमोट माणसासाठी डी८, आणि त्याची अट किमान पगाराच्या ४ पट, म्हणजे ३,६८० युरो. आता युरो शंभरीच्या पुढे गेलाय, सोप्यासाठी शंभर धरा. ठाण्यातल्या वन बीएचकेचं भाडं ३५ हजार येत असेल तर ते झाले ३५० युरो. डी७ च्या निम्म्यालाही नाही पोचलो. बायको किंवा नवरा बरोबर असेल तर अजून अर्धं धरतात, म्हणजे दोघांना १,३८०. स्पेनचा नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसा अजून वरचा, एकट्या माणसाला महिना २,४०० युरो आणि काम अजिबात करायचं नाही, घरच्या प्रत्येकी ६०० वेगळे. म्हणजे बघा, ज्याला "स्वस्त" म्हणतोय त्याच्या दारातच लाखभर ते अडीच लाख महिना दाखवावा लागतो. खर्च कमी होईल हो, पण कागदावर कमी चालत नाही.

आणि पासपोर्ट मिळेल, टॅक्स वाचेल या आशेवर हिशोब मांडू नका. बाहेरून राहायला येणाऱ्यांना मिळणारी ती प्रसिद्ध टॅक्स सवलत पोर्तुगालने नव्या लोकांसाठी २०२४ मध्ये बंद केली, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये गोल्डन व्हिसा, म्हणजे पैसे गुंतवून मिळणारा व्हिसा, बंद केला. नियम मधेच बदलतात आणि आपल्याला कुणी विचारत नाही. साधारण निम्मं वर्ष तिथे काढलंत की टॅक्स रेसिडेंट पण तुम्ही तिथलेच, आणि पोर्तुगालचा वरचा स्लॅब ४८ टक्के आहे. भारताबरोबर डबल टॅक्सचा करार आहे, पण तो वाचायला सीए लागतो, एजंट नाही. एजंट फॉर्म भरून देण्याचे लाखभर रुपये घेतो आणि टॅक्सचं विचारलं की फोन उचलत नाही.

बरं, आता खर्च. इथे सगळे एकच चूक करतात, भाडं आणि किराणा बघतात आणि खूश होतात. दादरच्या माझ्या आत्याने मात्र सगळ्यात नेमका प्रश्न विचारला होता, "भांडी कोण घासतं गं तिकडे?" हसू नका. मुंबईत जागा महाग आणि माणसाचा हात स्वस्त, तिकडे बरोब्बर उलटं, सार्वजनिक गोष्टी स्वस्त आणि माणसाचा हात महाग. तुमचं आयुष्य यातल्या कशावर चालतं त्यावर तुम्हाला युरोप परवडेल की नाही ते ठरतं.

म्हणून हे करा. गेल्या ३ महिन्यांचं यूपीआय स्टेटमेंट काढा. जो पैसा कुणाच्या हाताच्या कामाला गेलाय त्यावर लाल खूण करा. बाई, इस्त्रीवाला, ड्रायव्हर, रिक्षा, पार्लर, प्लंबर, स्वयंपाकवाल्या मावशी, रात्री ११ ला मागवलेली बिर्याणी, आईला डॉक्टरकडे नेलेली टॅक्सी, सगळं. जो पैसा जागेला आणि वस्तूंना गेला त्यावर निळी खूण, म्हणजे भाडं, हप्ता, शाळेची फी, पेट्रोल, दूध, भाजी. लाल रकमेचं तिकडे दोनपैकी एक होतं, एकतर ती कितीतरी पटीने वाढते नाहीतर ते काम तुमच्या अंगावर येतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा अंगावरच येतं. निळ्यातलं बरंच कमी होतं. लिस्बनच्या अख्ख्या महानगर पट्ट्याचा बस-मेट्रो-ट्रेन-फेरी सगळ्याचा मिळून पास ४० युरो आहे, २०१९ पासून. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून बस-ट्रेन सगळ्यांना फुकट. सरकारी शाळा फुकट आणि चांगल्या. दूध, ब्रेड, अंडी, चिकन, वाईन सुपरमार्केटात इतकं काही महाग नाही, आपल्या मॉलमधल्या चीजपेक्षा तर तिथलं चीज स्वस्त पडतं. बसायला बाग, चालायला फुटपाथ, रात्री साडेअकराला एकटी घरी चालत येता येणं, याचा भाव लावता येत नाही पण बाई माणसाने तो हिशोबात धरावाच.

ज्यांच्या स्टेटमेंटमध्ये लाल जास्त, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस, दोघं नोकरीवाले, त्यांना मी सरळ सांगते की महिन्याचा खर्च कमी होईल पण थकवा दुप्पट होईल. ज्यांचं सगळं निळ्यातच जातं, एकटा माणूस, रिमोट काम, स्वतः रांधून खाणारा, त्याने खुशाल जावं.

आता घर. पोर्तुगालमध्ये वन बीएचकेला टी-वन म्हणतात, बेडरूम किती तो आकडा. लिस्बनमध्ये हजार युरोच्या आत बरा टी-वन मिळाला तर पेढे वाटावेत अशी स्थिती आहे. आतल्या भागात, कास्तेलो ब्रांको, ग्वार्दा, ब्रागांसा अशा ठिकाणी भाडं पार खाली येतं, पण मग तिथे मेथी, कढीपत्ता विसरा, तूरडाळीसाठी लिस्बनच्या मार्तिम मोनिझला देशी दुकानात जावं लागेल नाहीतर पार्सल मागवा. घरमालक फियादोर मागतो, म्हणजे तिथे कमावणारा, तुमच्यासाठी जामीन राहणारा माणूस. तो आपल्याकडे नसतोच, मग त्याऐवजी बऱ्याच महिन्यांचं भाडं आगाऊ. हा पैसा बजेटमध्ये कुणीच धरत नाही. त्याआधी निफ काढा, म्हणजे त्यांचा पॅन नंबर समजा, त्याशिवाय भाडेकरार नाही, बँक नाही, विजेचं कनेक्शन नाही.

आणि थंडी. हसण्यावारी नेऊ नका, बाहेर १२ डिग्री म्हणजे काय, माथेरानला जाऊन आलोय असं सगळे म्हणतात. प्रश्न बाहेरचा नाहीच, घरात १२ डिग्री असते. पोर्तुगालच्या जुन्या घरांना सेंट्रल हीटिंग नसतं, भिंती दगडी, समुद्राची दमट हवा. जानेवारीत कपाट भिंतीपासून सरकवलं की मागे काळी बुरशी दिसते, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव चढते, टॉवेल ३ दिवस वाळत नाही आणि पलंगावर चढताना चादर ओली आहे की नुसती गार ते कळत नाही. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढणारं यंत्र, रोज रात्री लावायचा, सकाळी त्याची टाकी भरलेली, आणि विजेचं बिल बघून हीटर बंद करून शाल घेऊन बसायचं. आपण मुंबईत जुना फ्लॅट जुलैमध्ये बघतो ना, गळती कळावी म्हणून, तसंच जिथे राहायचंय ते गाव फेब्रुवारीत बघा. रील सगळे जूनमधले असतात. टुरिस्ट व्हिसाचे ९० युरो जातील, ३० हजार युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागेल, पण हॉटेलात न राहता महिनाभर भाड्याच्या घरात राहून या, स्वतः भांडी घासा, बसने फिरा, एकदा तरी आजारी पडल्यासारखं करून सरकारी दवाखान्यात कसं जातात ते विचारून या. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा जवळजवळ फुकट आहे हे खरं, आणि १५ लाखांहून जास्त लोकांना ठरलेला फॅमिली डॉक्टर नाही हेही खरं. आपल्यासारखं कोपऱ्यावरच्या एमबीबीएसकडे जाऊन १० मिनिटांत गोळ्या घेऊन येणं, ते नाही. रेसिडन्स कार्डांचंही तसंच, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे इमिग्रेशनचं नवं खातं सुरू झालं तेव्हाच ४ लाखांच्या आसपास अर्ज तुंबलेले होते. संयम नसेल तर हा देश तुमच्यासाठी नाही.

स्टुडंटचं म्हणाल तर अजूनही जर्मनी. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून आपल्यासारख्यांना फी लावलीय. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या बंद खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, महिन्याला ९९२ सुटतात. त्यात म्युनिकमध्ये ओढाताण होते आणि केम्निट्झ किंवा माग्डेबुर्गमध्ये निभतं, म्हणून रँकिंगबरोबर शहराचं भाडं पण बघा. जाहिरातीत भाडं बघताना काल्ट लिहिलंय की वार्म ते तपासा, काल्ट म्हणजे हीटिंग आणि पाण्याचा खर्च सोडून. टीव्ही असो नसो घरटी १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचा आकार महिन्याला येतोच, हॉस्टेलच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना पण येतो, पत्र आलं की फेकून देऊ नका. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दूध आणलं नाही तर सोमवारपर्यंत कोरा चहा.

भाषेचं सगळे "शिकू हळूहळू" म्हणतात. शिका, पण निघायच्या आधी. लिस्बनमध्ये इंग्रजीवर चालतं, स्वस्त गावातल्या पोस्टात आणि महापालिकेत चालत नाही. पोर्तुगालमध्ये पर्मनंट व्हायला भाषेची ए-टू, म्हणजे प्राथमिक लेव्हल लागतेच. आणि एक गोष्ट, वसई किंवा बांद्र्यातले तुमचे कुणी गोवेकर शेजारी पोर्तुगीज पासपोर्टवर गेले असतील तर त्यांच्याशी तुलना करू नका, त्यांचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले म्हणून तो हक्क आहे, तुमचे सातारला जन्मले.

आईवडिलांचं मी फार बोलणार नाही, प्रत्येकाचं आपापलं. फक्त एवढं बघा की मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक, ॲम्सटरडॅमला थेट विमान आहे, पोर्तुगालच्या आतल्या गावातून घरी पोचायला एक बस आणि दोन विमानं लागतात, आणि आयत्या वेळच्या तिकिटाचा पैसा वेगळा बाजूला ठेवावा लागतो. मी तो एफडीत ठेवायचे आणि त्याला हात लावायचे नाही.

निघायचं ठरलंच तर इकडची कामं आधी. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून, जन्म आणि लग्नाच्या दाखल्यांना आधी राज्याचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, याला वेळ धरा, आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का ते आजच बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव, आडनाव पुढेमागे झालेलं असतंच. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर बाहेर पाठवलंत तर राहण्याच्या खर्चासारख्या कारणांना २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, रिटर्न भरल्यावर मिळतो पण तोपर्यंत पैसा अडकतो. एनआरआय झालात की बचत खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्या, जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. मेडिक्लेम बंद करू नका, परत आल्यावर नवा घेतलात तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वाट बघायला लावतात.

आणि इथला फ्लॅट विकू नका, निदान पहिली काही वर्षं. भाड्याने द्या, लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा, भावाला किंवा बहिणीला रजिस्टर्ड पॉवर ऑफ ॲटर्नी द्या म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला आणि गळतीला कुणीतरी हजर राहील. फक्त मालक एनआरआय असला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापून भरायचा असतो, हे त्याला आधीच सांगा. बहुतेक भाडेकरू हे ऐकून पळतात, आणि जो राहील त्याच्याकडून तुमच्या हातात ३५ हजारांतले २४ हजारच येतील, उरलेले रिफंडला. डी७ चा हिशोब मांडताना नेमका हा आकडा धरून मांडा.