होडीला दुसरी बॅटरी बसवली

मालवणात आमची २२ फुटी फायबरची होडी आहे. रात्री गरवायला (गळाने मासे धरायला) जायचं तर दिवा, जीपीएस, फिशफाइंडर सगळं एकाच बॅटरीवर. एका पहाटे सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’. मीटर लावला, ११.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी उतरलेली. दोरी ओढून इंजिन सुरू होईपर्यंत खांदा निखळायची पाळी आली.

मग दुसरी, डीप सायकल (पुन्हा पुन्हा खोलवर उतरली तरी चालणारी) बॅटरी घेतली. जुनी फक्त इंजिनाला, नवीवर बाकी सगळं. दोघींच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही जोडतो, म्हणजे दोन्ही चार्ज होतात; १२.८ ला आलं की तोडतो. निगेटिव्ह दोन्हींचे एकत्रच. पॉझिटिव्हला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज.

चूक केली ती वायरीत. घरातली उरलेली साधी तांब्याची वायर वापरली. (कंजूसपणा, दुसरं काय!) दोन महिन्यांत लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी पूड जमली, साल सोलून पाहिली तर आतलं तांबं काळंठिक्कर. खारं पाणी वायरीच्या आत चढतं, वरून काही दिसत नाही. आता कल्हई केलेली वायर आहे, टोकाला गोंदाचं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी).

बुडातलं पाणी उपसायचा पंप मात्र मेन स्विचवर ठेवला नाही. वेगळा फ्यूज देऊन थेट नव्या बॅटरीला जोडलाय. स्विच बंद करून घरी आलो आणि रात्री पाऊस कोसळला, तरी तो आपला चालू.