नव्या देशात पोलीस ठाणं उभं करताना या चुका टाळा

ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी तरुण पोलीस अधिकारी येतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या मोहिमेसाठी निवड झालेली असते. "काका, इंग्रजीची परीक्षा झाली, गाडी चालवायची झाली, नेमबाजीही झाली. आता आणखी काय वाचू?" असं विचारतो आणि पिशवीतून स्वतः केलेला आराखडा काढतो. आराखडा मी मन लावून वाचतो, कारण पोरगं मनापासून जाणार असतं. पण पहिल्याच पानावर ठरलेलं वाक्य भेटतं: सहा महिन्यांत इतके शिपाई तयार करायचे. तिथेच मी पेन खाली ठेवतो.

भिंड-मुरैनाच्या ठाण्यांवर नोकरीची बरीच वर्षं काढल्यावर, युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या एका देशात मी एक वर्ष काम केलं. त्या देशाचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

आधी पोलीस, कोर्ट आणि तुरुंग मागाहून

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते आणि जवळपास प्रत्येक आराखड्यात ती असते. शिपाई लवकर तयार होतो, गणवेशात दिसतो, संचलनाचा फोटो निघतो. न्यायाधीश घडायला वर्षं जातात. तुरुंगासाठी तर पैसे द्यायला कुणीच राजी नसतं.

पूर्व तिमोरचं उदाहरण घ्या. 30 ऑगस्ट 1999 ला तिथे इंडोनेशियापासून वेगळं होण्याबद्दल सार्वमत झालं आणि नंतरच्या जाळपोळीत कोर्टाच्या इमारती, दप्तरं, सगळं गेलं. इंडोनेशियाचे न्यायाधीश निघून गेले आणि त्या राजवटीने एकाही तिमोरी माणसाला कधी न्यायाधीश नेमलेलंच नव्हतं. शेवटी विमानातून पत्रकं टाकून कायदा शिकलेल्या लोकांना शोधावं लागलं. पहिल्या न्यायाधीशांनी शपथ घेतली ती जानेवारी 2000 मध्ये. सप्टेंबरात उतरलेली आंतरराष्ट्रीय फौज तोवर माणसं पकडत होतीच. पकडलेल्यांना उभं कुणासमोर करायचं, हा प्रश्न तेवढे महिने तसाच लोंबकळत राहिला.

माझ्या वाट्याला हेच लहान आकारात आलं. आमचं ठाणं एका शाळेत होतं, अर्ध्या छपराच्या. एके सकाळी एक बाई आली. नवरा युद्धात गेलेला. तिचा गोठा जाळून दोन गाई कुणी नेल्या होत्या, आणि कोणी नेल्या ते तिला ठाऊक होतं. दोन दिवसांत आम्ही माणूस धरला, गाईही मिळाल्या. नवे शिपाई खूश, मी त्यांच्याहून खूश. कोठडी म्हणजे एक मालवाहू कंटेनर. नियमाप्रमाणे त्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, कागदी पाकिटात घातल्या, वर नाव लिहिलं.

त्यानंतर मी विचारलं, कोर्ट कुठे आहे? नव्वद किलोमीटरवर, आणि वाटेतला पूल पडलेला. न्यायाधीश एक गुरुवार सोडून एका गुरुवारी येत. तो दिवस शुक्रवार होता, आदल्याच दिवशी येऊन गेलेले. आपल्याकडे घटनेच्या कलम 22 प्रमाणे अटकेतल्या माणसाला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तिथे मुदत 72 तासांची होती. सोमवारी त्याला सोडावं लागलं. त्याने पाकीट उघडलं, पट्टा लावला, आमच्याच बाकावर बसून सावकाश नाड्या ओवल्या आणि वहीत सही करून गेला.

बुधवारी ती बाई पुन्हा आली. आम्ही दिलेली तक्रारीची पावती तिने चार घड्या घालून जपली होती. ती टेबलावर ठेवली आणि दुभाष्याला म्हणाली, हे परत घ्या. तो माणूस सोमवारपासून तिच्या घरासमोरच्या कट्ट्यावर बसत होता, एवढंच तिने सांगितलं. त्यानंतर त्या गावातून दोन महिने एकही तक्रार आली नाही. वरिष्ठांकडे गेलेल्या तक्त्यात मात्र ते गाव शांत दिसत होतं.

चूक माझी होती. अटक करण्याआधी जे विचारायचं, ते मी अटक केल्यावर विचारलं. तेव्हापासूनची माझी सवय अशी: कुठल्याही नव्या जागी पहिला आठवडा कुणाला धरायचं नाही. पकडलेला माणूस आज रात्री कुठे झोपेल, त्याला जेवण कोण देईल, कोर्टाचा वार कोणता, त्याला नेणारी गाडी कुणाची आणि तिच्यात डिझेल कोण भरणार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. मग त्या रस्त्याने एकदा स्वतः जाऊन यायचं. उतावळ्या पोरांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला तो आठवडा मिळाला असता, तर त्या बाईने पावती परत आणली नसती.

कायदा कोणता, हे नंतर बघू

नंतर बघता येत नाही. कोसोवोत जुलै 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जाहीर केलं की 24 मार्च 1999 पूर्वी लागू असलेले कायदेच चालतील. कागदावर हे सोपं होतं. पण तो कायदा सर्बियाच्या राजवटीचा होता आणि त्याच राजवटीत अल्बेनियन न्यायाधीश-वकिलांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्यांनी तो मानायला नकार दिला. अखेर डिसेंबरात निर्णय फिरवून 22 मार्च 1989 च्या वेळचा, म्हणजे कोसोवोची स्वायत्तता जाण्याआधीचा कायदा आणावा लागला. स्वतंत्र नवी दंडसंहिता लागू व्हायला 2004 उजाडलं. मधल्या काळात ठाण्यावरच्या शिपायाने कोणतं कलम लावायचं? पुस्तक निवडताना ज्यांना ते वापरायचं आहे, त्यांना आधी विचारा. आणि ठाण्यात दहाच कलमं चालतात, चोरी-मारहाणीपासून खुनापर्यंत. ती स्थानिक भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. मी तेच केलं होतं.

लढवय्यांना सरसकट वर्दी देणं

यावर मी जरा जास्त बोलतो, कारण चंबळच्या काठावर नोकरी केली आहे. 14 एप्रिल 1972 ला मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर बागी, म्हणजे चंबळचे डाकू, शस्त्रं ठेवू लागले. माधोसिंह, मोहरसिंह यांच्यासारखी ज्यांच्या नावाने गावं दारं लावून घेत, अशी माणसं होती ती. पण शस्त्र ठेवलं म्हणून कुणाच्या खांद्यावर पोलिसाचा बिल्ला चढला नाही. खटले चालले, शिक्षा झाल्या, काहींनी मुंगावलीच्या खुल्या कारागृहात दिवस काढले आणि मग शेती. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं त्यांना तेही पुरेसं वाटलं नाही. पण निदान ज्याने घर लुटलं, त्याच्याच हाती तक्रार द्यायची पाळी कुणावर आली नाही.

नव्या देशात मोह उलटा असतो. हजारो पोरं बंदुका घेऊन रिकामी बसलेली, मग द्या त्यांनाच वर्दी. दक्षिण सुदान 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला. तिथल्या पोलीस दलात जुन्या लढवय्यांचाच भरणा होता. डिसेंबर 2013 मध्ये यादवी पेटली.

तिमोरमध्ये भांडण वेगळं होतं, धडा तोच. नव्या पोलीस दलात इंडोनेशियाच्या पोलिसातून आलेले लोक घेतले, इंडोनेशियाविरुद्ध लढलेल्या जुन्या गनिमी लढवय्यांना ते सलत राहिलं. 2006 मध्ये सुमारे 600 सैनिकांना काढून टाकल्यावर राजधानी दिलीतलं पोलीस दल काही आठवड्यांत कोलमडलं. 25 मे ला शस्त्रं खाली ठेवून संयुक्त राष्ट्रांच्या सोबतीने बाहेर पडणाऱ्या पोलिसांवर सैनिकांनीच गोळ्या झाडल्या. गृहमंत्र्यावर नागरिकांना शस्त्रं वाटल्याचा खटला चालला आणि 2007 मध्ये शिक्षाही झाली. स्वातंत्र्याला तेव्हा अवघी चार-पाच वर्षं झाली होती.

यातल्या त्यात नीट विचार केला तो मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने. यादवी संपवणाऱ्या 1992 च्या तहानंतरच्या नव्या पोलीस दलात 20 टक्के जुने गनिमी लढवय्ये, 20 टक्के जुने पोलीस आणि 60 टक्के युद्धाशी संबंध नसलेले, असं ठरलं. ते दल निर्दोष निघालं असं मी म्हणणार नाही. पण वर्दी एका बाजूची नाही, हे लोकांना पहिल्या दिवसापासून दिसावं, याची काळजी घेतली होती. भरती करताना मी उमेदवाराला त्याच्या गावी न्यायचो आणि चौकात उभं करायचो. बायका-पोरं त्याच्याकडे कशी बघतात ते मला अर्जापेक्षा जास्त सांगायचं.

बाकीच्या चुका

पगार. तीन महिने पगार अडला की चौथ्या महिन्यात नाक्यावर वसुली सुरू होते. नव्या जीपपेक्षा पगाराची तारीख सांभाळा.

लांबी कापलेलं प्रशिक्षण. कोसोवोत वुश्त्रीच्या पोलीस शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना आंतरराष्ट्रीय पोलिसांच्या हाताखाली ठाण्यावर उमेदवारी करावी लागे. शाळा एक वेळ छोटी चालेल, उमेदवारी कापू नका.

महिला पोलीस "पुढच्या टप्प्यात" ठेवणं. जानेवारी 2007 मध्ये भारताची शंभराहून जास्त महिलांची तुकडी लायबेरियात उतरली, शांतिसेनेतली तशी पहिलीच. ती तिथे 2016 पर्यंत राहिली. बलात्काराची तक्रार पुरुषाला सांगा म्हणणाऱ्या ठाण्यात बाई पाऊल ठेवत नाही, हे कळायला आणखी किती देश लागणार?

भाषा. तिमोरमध्ये साक्षीदार तेतुम या स्थानिक भाषेत बोलायचा आणि निकाल पोर्तुगीजमध्ये यायचा. दुभाषा कुणाचा नातेवाईक आहे, हेही विचारून ठेवा.

आणि नोंदवही. संगणक येईल तेव्हा येईल. गेल्या महिन्यात जिवाजीगंजातली एक मुलगी निघण्यापूर्वी भेटायला आली, तिला मी दाभण आणि जाड दोरा दिला. कोऱ्या वहीच्या पानांवर शाईने आकडे घालायचे, मधोमध दोरा ओवून शेवटच्या पानावर लाखेचा शिक्का मारायचा आणि खाली लिहायचं: या वहीत 200 पानं आहेत. मग पान फाडून कुणाचं नाव नाहीसं करता येत नाही. ती म्हणाली, "काका, तक्रार देणाऱ्याला लिहिता येत नसेल तर?" डाव्या अंगठ्याचा ठसा घे, म्हटलं, शेजारी त्याच्याच भाषेत नाव लिही आणि लिहिलेलं सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखव. तो मान हलवेपर्यंत पुढचं पान उलटू नकोस.