डोंगरातली अल्ट्रा आणि घरचं कॅलेंडर: तयारीची यादी

अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनहून लांब धावण्याची शर्यत. तिच्या नोंदणीचं पान उघडण्याआधी घरचं कॅलेंडर उघडा. शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत सोळा ते वीस आठवडे आखून घ्या आणि त्यात मुलांच्या परीक्षा, जोडीदाराच्या कामाच्या गडबडीचे दिवस, घरातली कार्यं, आईवडिलांच्या दवाखान्याच्या तारखा आधी भरा. सराव उरलेल्या जागेत बसवायचा. उलटं केलं की दुसऱ्या महिन्यापर्यंत घरात कुरबुर सुरू होते, आणि ती रास्तच असते. सर्वांत जड आठवडे शर्यतीच्या दोन-अडीच महिने आधीपासून सुरू होतात आणि शेवटच्या तीन आठवड्यांपाशी संपतात. त्याबद्दल ‘जरा जास्त सराव असेल’ असं मोघम बोलू नका. कोणत्या रविवारी किती वाजेपर्यंत घरी नसाल ते तारखेनिशी सांगा. त्याच पानावर जोडीदाराच्या मोकळ्या सकाळीही लिहा, आणि त्या दिवशी डबे, अंघोळी, गृहपाठ सगळं तुमच्याकडे.

मग शर्यत निवडा, आणि निवडताना अंतराआधी चढ बघा. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढचं सगळं अल्ट्राच, पण सपाट पन्नास आणि तीन हजार मीटर चढाचे पन्नास यांत काहीही साम्य नाही. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणाऱ्या यूटीएमबी या शर्यतीत साधारण १७० किलोमीटर अंतर, १०,००० मीटरच्या आसपास चढ आणि साडेशेहेचाळीस तासांची मुदत असते. भागाकार करून बघा: ताशी चार किलोमीटरहून कमी वेगानं पोचणाराही वेळेत पोचतो. म्हणजे झपाझप चढ चालणं हेच मुख्य कौशल्य, आणि ते शिकायला ट्रॅक लागत नाही. पहिलीच वेळ असेल तर रात्र न काढावी लागणारी शर्यत घ्या. मुलं लहान असतील तर हे दुप्पट लागू.

वहीत किलोमीटर लिहिणं थांबवा. तास आणि चढाचे मीटर लिहा. डोंगर जवळ नसेल तर जिना आहे. एक मजला ढोबळमानानं तीन मीटरचा धरला तर हजार मीटरसाठी तीनशेहून जास्त मजले होतात; कंटाळवाणं आहे, पण घरातली उठायच्या आत उरकतं.

चढाची काळजी सगळेच करतात. शर्यत मोडते ती उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यातून सूक्ष्म इजा होते आणि एक-दोन दिवसांनी दुखणं कळसाला पोचतं. दिलासा असा की एकदा हा मार खाल्लेले स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतात आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा लांब उताराचा सराव ठेवा, शेवटचा शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी. फक्त त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात कार्य नाही ना, हे बघा. जिना उलटा, कठड्याला धरून उतरणारा माणूस पंगतीत वाढायला उपयोगाचा नसतो.

लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाला, निघताना घरी मार्ग आणि परतीची वेळ लिहून ठेवा. वेळेच्या अंदाजाला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. वीस किलोमीटर आणि १,२०० मीटर म्हणजे सहा तास. तुम्ही याहून लवकर याल, पण घरी सांगायची वेळ हीच. ओळीनं दोन दिवस लांब धावायचे शनिवार-रविवार सगळ्या काळात तीन-चारच ठेवा. त्याहून जास्त घराला परवडत नाहीत. मुलं झोपल्यावर हेडटॉर्च लावून काढलेले दोन तास मात्र घराला जड जात नाहीत, आणि अंधारात पाऊल टाकायची सवयही होते. अशा वेळी एकटं जाऊ नका.

झोप हाही यादीतला मुद्दा आहे. मूल रात्रभर तापानं जागं असेल तर सकाळचा सराव रद्द, आणि तो नंतर भरून काढायचा नाही. चुकलेले सराव आठवड्याच्या शेवटी कोंबणं हा दुखापतीचा सरळ रस्ता आहे.

पोटालाही सराव लागतो. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कार्बोहायड्रेट हा नेहमी सांगितला जाणारा आकडा, पण तिथवर हळूहळू चढा आणि शर्यतीत जे खाणार तेच लाँग रनला खा. पाणी तहानेप्रमाणे प्या; अति पाण्यानं रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या धावताना नकोत, मूत्रपिंडांवर ताण येतो.

सामानाची सक्तीची यादी आयोजक देतातच. ती आठवडाभर आधी पलंगावर मांडा आणि तपासनीस म्हणून घरातल्या छोट्याला बसवा. सुटे सेल राहिलेत हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. पाणी न झिरपणारं जॅकेट उन्हाळ्यातही घ्या, कारण दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. अडचणीत मदत मागायला शिट्टी कशी वाजवायची तेही पाठ असू द्या: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं येतं.

घरच्यांना शर्यतीला न्यायचं का? चार तास ताटकळून पाच मिनिटं दिसणारा, चिखलानं माखलेला, चिडचिडा माणूस बघायला यायचा आग्रह धरू नका. आलेच तर प्रत्येक थांब्यावर पोचायची वेळ ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशी दोन्ही लिहून द्या. शर्यत कधी सोडायची, हेही आधीच घरी बोलून ठेवा.

परतताना गाडी तुम्ही चालवायची नाही; रात्रभर न झोपलेला माणूस स्टिअरिंगवर नको. दुसऱ्या दिवशीची रजा आत्ताच टाका. पुढचे दोन दिवस मुलांना शाळेत सोडणं-आणणं कोणाकडे, ते नाव कॅलेंडरवर लिहा, आणि पुढच्या शर्यतीचा विषय निदान त्या आठवड्यात काढू नका.