हंगाम संपला, लॉगिन चालूच: ऑफिसची माहिती सांभाळताना या चुका टाळा

देवगड-रत्नागिरीकडे आंब्याच्या दिवसांत पॅकिंग, बिलं, गिऱ्हाइकांचे फोन यासाठी दोन-तीन महिन्यांपुरती माणसं घ्यावीच लागतात. त्यांना कॉम्प्युटरचा पासवर्ड मिळतो, ऑर्डरची गूगल शीट मिळते, धंद्याच्या ईमेलचं लॉगिनही मिळतं. पाऊस लागला की माणसं जातात, लॉगिन मात्र त्यांच्या मोबाइलवर चालूच राहतं. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्या व्यापाऱ्याकडे लागला, तरी तुमच्या मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि दर त्याला दिसत राहतात. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक मला हीच वाटते. मासळीचं काम असो, पर्यटन असो, आपली कामंच हंगामी आहेत.

ज्या दिवशी हिशोब चुकता होईल, त्याच दिवशी प्रवेशही बंद करा. गूगल खात्याचा पासवर्ड बदला आणि सुरक्षेच्या पानावर जाऊन आपले नसलेले मोबाइल साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेल्या उपकरणांची यादीही बघा.

नाव काढलं, तरी शीट उघडतेच?

मग ती शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी ठेवलेली असणार. अशा वेळी शेअरच्या यादीतून नाव काढून काहीच होत नाही, जुनी लिंक चालतच राहते. आधी सेटिंग ‘मर्यादित’ करा, मग ज्यांना खरंच गरज आहे त्यांचीच नावं घाला. त्यातही बघणारा वेगळा, बदलणारा वेगळा. गाडीवाल्याला पत्ता आणि पेट्यांची संख्या पुरे. दर आणि उधारी त्याला कशाला दिसायला हवी? त्याच्यासाठी वेगळी शीट करा. त्याच फाइलमधला रकाना लपवल्याने माहिती सुरक्षित होत नाही.

‘घरचाच माणूस आहे’ म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र यूजर आणि त्याच्या कामापुरते अधिकार देता येतात. तरी एकाच नावाने चार जण नोंदी करतात. एखादी रक्कम बदललेली सापडली की संशय चौघांवर, आणि त्यांतले तिघे निर्दोष. स्वतंत्र लॉगिन मागितलं की माणसाला वाटतं मालकाचा विश्वास उडाला. त्याला नीट बसवून सांगा, की ही नोंद उद्या तुझ्याच बाजूने बोलेल.

विंडोजमध्येही रोजच्या कामाला सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिन खातं वापरू नका, साधं खातं द्या.

होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांच्या आधारचे फोटो कामगारांच्या ग्रुपवर टाकणं आजच थांबवावं. तिथून ते प्रत्येकाच्या गॅलरीत जातात. जिथे चालतं तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

‘ओटीपी येत नाही’ म्हणून दुहेरी पडताळणीच बंद

पावसाळ्यात लाइट जाते, टॉवर बंद पडतो, काम अडतं, आणि कोणीतरी वैतागून पासवर्डनंतर कोड मागणारी ही पडताळणी काढून टाकतं. ती काढू नका, एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. ते एकदा जोडलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून मोबाइलमध्येच कोड तयार करतं, सहसा दर 30 सेकंदांनी नवा. कोड काढायला रेंज लागत नाही. कोड ‘चुकीचा’ म्हणून नाकारला जात असेल, तर पहिल्यांदा मोबाइलचं घड्याळ तपासा. वेळ हाताने लावलेली असली तर ती मागे-पुढे होते आणि कोड जुळत नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा.

उरला प्रश्न गणपतीचा. अ‍ॅडमिन एकच आणि तो घरी गणपती बसवायला गेलेला, मग फोनवरून पासवर्ड सांगितला जातो आणि तो अख्ख्या ऑफिसला कळतो. सुट्टी लागायच्या आधीच दुसऱ्या जबाबदार माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने तात्पुरते अधिकार द्या, परत घ्यायची तारीखही ठरवा. मोबाइल हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे बॅकअप कोड छापून, बंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवा. लिफाफा फोडावाच लागला, तर कोणी आणि कधी फोडला ते वर लिहा आणि लगेच नवे कोड तयार करा.